एकाच कोर्सवर दर वेळी वेगळा खेळ : टी मिसळून कोण खेळतं?

सिएटलचा_पाऊस
इथे गोल्फ खेळणारे किती आहेत ठाऊक नाही. मागे एका गप्पांच्या पानावर चार-पाच जणांनी हात वर केले होते, त्यांच्या भरवशावर धागा काढतोय.

आमचा चौघांचा कंपू आहे. तिघे मराठी, एक तेलुगू (पुट, म्हणजे शेवटचा खळग्यात ढकलायचा फटका, हुकला की आता तोही मराठीतच कपाळावर हात मारतो). घराजवळच्या सार्वजनिक कोर्सवर शनिवारी सकाळी जातो. पांढऱ्या टीवरून ६३०० यार्ड, पार ७२ (चांगल्या खेळाडूला अठरा होलना लागावेत इतके फटके, प्रत्येक होलचा आपला पार ३ ते ५). झालंय असं की कोर्स पाठ झालाय. चौथ्याला ड्रायव्हर आणि मग हायब्रिड, सातव्याला ७ आयर्न, अकराव्याला परत ड्रायव्हर-हायब्रिड. पिशवीत १४ काठ्या (सगळ्यात लांब मारणारा ड्रायव्हर, मग वुड, हायब्रिड, आयर्न आणि जवळच्या फटक्यांचा वेज), त्यातल्या निम्म्या राबतात आणि उरलेल्या हवा खायला येतात. दुसरीकडे जावं तर शनिवार सकाळची वेळ मिळता मिळत नाही.

म्हणून डोक्यात आलंय की कोर्स तोच ठेवायचा, पण काही होल निळ्या टीवरून, काही पांढऱ्या, काही सोनेरी. कार्डावर निळ्या-पांढऱ्याची एक 'कॉम्बो' छापलेली आहेच, पण तीही ठरलेली, म्हणजे चार शनिवारांत तीही पाठ. कंपूत एकाचं म्हणणं की हा पोरखेळ आहे, स्कोअरला अर्थ राहणार नाही. दुसऱ्याला पुढच्या टीवर उभं राहायचीच लाज वाटते.

कुणी असं खेळतं का? कुठल्या होलला कुठली टी हे ठरवता कसं? आणि हँडिकॅपचं (कच्च्या खेळाडूला मिळणारी फटक्यांची सूट) काय करता?

टोपीवाला
वाचतोय. गोल्फ खेळत नाही, पण खेळणाऱ्यांची रडगाणी ऐकायला आवडतात.

नुसता_वाचक
टी म्हणजे ती चेंडूखालची लाकडी खुंटी ना? मग 'पुढची टी' म्हणजे काय? अज्ञान माफ असावं.

सिएटलचा_पाऊस
@नुसता_वाचक, खुंटीही टीच. पण जिथून होलचा पहिला फटका मारायचा त्या सपाट कापलेल्या जागेलाही टी म्हणतात. प्रत्येक होलला अशा तीन ते सहा जागा एकामागे एक असतात आणि त्यांवर रंगीत मार्कर ठोकलेले असतात. सगळ्यात मागची पट्टीच्या खेळाडूंची, पुढे येत जाल तसा होल आखूड. साधारणपणे माणूस एक रंग धरतो आणि अठराही होल त्याच रंगावरून खेळतो.

टोपीवाला
म्हणजे गल्ली क्रिकेटमध्ये आम्ही ज्या दिवशी जेवढे जण येतील त्या मानाने स्टंप पुढे-मागे करायचो, तसंच. फक्त इथे त्याला पैसे पडतात.

बंकरबाबा
स्पष्ट बोलतो, राग मानू नका.

कोर्स आखणारा माणूस विचार करून आखतो. ३९० यार्डांच्या पार ४ ला डाव्या हाताला २२० वर बंकर (रेतीचा खड्डा) असतो तो त्याने उगाच खणलेला नसतो. तुम्ही चाळीस यार्ड पुढून मारलंत की तो बंकर नुसता शोभेचा. मग बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) झाली म्हणून एकमेकांना टाळ्या द्यायच्या. पुण्यात कित्येक वर्षं मी एकाच टीवरून खेळतोय आणि अजून कंटाळलेलो नाही. पिन (खळग्यातला झेंडा) रोज हलते. उन्हाळ्यात चेंडू पडल्यावर पळत सुटतो, श्रावणात पडेल तिथेच रुततो. तोच होल मे महिन्यात ड्रायव्हर-वेज असतो आणि जुलैत ड्रायव्हर-५ आयर्न. आणखी बदल कशाला हवा?

स्कोअरबद्दल तुमच्या मित्राचं बरोबर आहे. मागच्या शनिवारचे ९१ आणि ह्या शनिवारचे ८८ यांची तुलना करायची तर पट्टी एकच लागते.

हिरवळ_समिती
बंकरबाबा, नमस्कार. एका क्लबच्या ग्रीन कमिटीत काही वर्षं काढली आहेत, म्हणून थोडं आतलं सांगतो. तुम्ही 'एकाच टीवरून' खेळता हा तुमचा गोड समज आहे. :)

माळी रोज पहाटे मार्कर हलवतात. कार्डावरचं अंतर मोजलेलं असतं ते जमिनीत बसवलेल्या कायमच्या खुणेपासून, आणि मार्कर त्या खुणेच्या मागे-पुढे फिरत असतात. कारण सरळ आहे, गवत. पार ३ च्या टीवर प्रत्येक जण आयर्नने मातीसकट ढपली काढतो. आठवडाभर मार्कर जागचे हलले नाहीत तर तिथे टक्कल पडतं, म्हणून पार ३ च्या टी मुद्दाम मोठ्या बांधतात. हे करताना एक पथ्य असतं. एकीकडे मार्कर पुढे घेतले तर दुसरीकडे मागे न्यायचे, म्हणजे अठरा होलचं एकूण अंतर कोर्सच्या मानांकनासाठी (रेटिंगसाठी) मोजलेल्या अंतरापासून शंभर यार्डांहून जास्त ढळत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत कोर्स आखणारे रॉबर्ट ट्रेंट जोन्स (थोरले) यांनी विमानाच्या धावपट्टीसारख्या लांबच लांब टी बांधल्या, त्या ह्याचसाठी की एकच होल आज एका अंतराचा आणि उद्या दुसऱ्या अंतराचा करता यावा. सांगायचा मुद्दा, टी हलवणं आखणाऱ्याच्या मनात आधीपासूनच असतं.

बंकरबाबा
मार्कर दहा यार्ड सरकणं वेगळं आणि निळ्यावरून थेट सोनेरीवर उडी मारणं वेगळं. पहिलं माळीकाम, दुसरं हौस.

एलए_वरून_सदू
बाबा, ही हौस युएस ओपनवाल्यांनाही (अमेरिकेतली सगळ्यात मोठ्या स्पर्धांपैकी एक) आहे.

२००८, टॉरी पाइन्स, सॅन दिएगो (नगरपालिकेचा कोर्स बरं का). १४ वा होल कार्डावर ४३५ यार्ड. रविवारी शेवटच्या फेरीला टी इतकी पुढे आणली की तो २६७ यार्डांचा झाला. टायगर वुड्ससारख्यांना सरळ ग्रीनवर (खळग्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) मारता येईल असा, पण चुकलात तर दरी. तीन दिवस ड्रायव्हर-आयर्न करणाऱ्यांना त्या दिवशी टीवर उभं राहून विचार करावा लागला.

२०२३, लॉस एंजेलिस कंट्री क्लबचा नॉर्थ कोर्स. तिसऱ्या फेरीत १५ वा होल ८१ यार्ड! युएस ओपनच्या इतिहासातला सगळ्यात आखूड पार ३. जगातले लांब मारणारे लोक हातात वेज घेऊन थरथरत होते. ह्या कोर्सची मजा अशी की जॉर्ज थॉमस यांनी १९२०च्या दशकात तो नव्याने आखला तेव्हा 'कोर्सच्या पोटात दुसरा कोर्स' हीच कल्पना घेऊन आखला. टी आणि पिनच्या जागा बदलल्या की तोच होल एक दिवस लांब पार ३, दुसऱ्या दिवशी आखूड पार ४ व्हावा अशी त्यांची योजना होती. म्हणजे धागाकर्त्याला आज सुचलेलं शंभर वर्षांपूर्वीच एकाला सुचलं होतं.

सिएटलचा_पाऊस
@सदू, आमच्या इथलंच उदाहरण राहिलं की. चेंबर्स बे, २०१५ ची युएस ओपन. पहिला आणि अठरावा होल आलटून पालटून पार ४ आणि पार ५ केले होते. एक पार ५ असेल त्या दिवशी दुसरा पार ४, म्हणजे बेरीज रोज ७०च. शुक्रवारी अठरावा पार ४ होता तेव्हा जॉर्डन स्पीथ या खेळाडूने वैतागून जे काही काढलं ते माइकने टिपलं आणि जगाने ऐकलं. रविवारी तोच होल पार ५ होता, त्याने बर्डी केली आणि स्पर्धा त्याच्या खिशात.

टोपीवाला
सार : होल आवडला नाही तर दोन दिवस थांबा.

मृण्मयी_एनजे
उशिरा आले, पण ह्या धाग्यावर मला बोलायचंच होतं.

त्या 'लाज वाटणाऱ्या' मित्राला माझा नमस्कार सांगा. कशाची लाज? लाल मार्करवर बायका उभ्या असतात, त्याची ना? आमच्या कोर्सवर आजही पुरुषमंडळी 'लेडीज टी' म्हणतात, आणि कुणाचा ड्रायव्ह तिच्याही अलीकडे पडला की जे विनोद होतात ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

जरा हिशेब बघा. आर अँड ए (गोल्फचे नियम ठरवणारी संस्था) ब्रिटनमधल्या हौशी खेळाडूंचे ड्रायव्ह मोजते. पुरुषांची सरासरी साधारण २१५ यार्ड येते आणि बायकांची १५० च्या आसपास. आता ४०० यार्डांचा पार ४ घ्या. पुरुषाला दुसरा फटका १८५ चा, म्हणजे हायब्रिडने का होईना पोचेल. बाईला २५० उरतात. ती दोन फटक्यांत पोचूच शकत नाही, म्हणजे तिच्यासाठी तो पार ४ नाहीच. अॅलिस डाय यांनी हेच सांगत आयुष्य घालवलं. कोर्स आखणारे पीट डाय यांच्या पत्नी ही ओळख अपुरी आहे. त्या स्वतः उत्तम खेळाडू आणि कोर्स आखणाऱ्या होत्या, अमेरिकेतल्या कोर्स-रचनाकारांच्या संघटनेच्या पहिल्या महिला अध्यक्षाही. बायकांना एकच टी देऊन भागत नाही, दोन तरी हव्यात, हा त्यांचा आग्रह होता. लांब मारणारी आणि आखूड मारणारी बाई एकच नसते हे तोवर फारसं कुणाच्या गावीच नव्हतं.

आता मूळ प्रश्न. आम्ही चौघी मिसळतो, पण पद्धत वेगळी आहे. होल कितीचा आहे ते बघत नाही, दुसऱ्या फटक्याला हातात काय येणार ते बघतो. अठरा होलमध्ये वेजपासून ५ वुडपर्यंत सगळ्याला एकदा तरी काम मिळायला हवं. सगळे होल लालवरून खेळले तर मला पाच-सहा होलना तोच ९ आयर्न येतो, सगळे सोनेरीवरून खेळले तर सारखं ५ वुड. मिसळलं की दोन्ही.

दशांश
+१. दुसऱ्या फटक्याच्या क्लबवरून (म्हणजे काठीवरून) ठरवणं हाच खरा निकष.

हँडिकॅपचं मी सांगतो, कारण तिथे लोक उगाच घाबरतात. वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिम २०२० पासून आहे. प्रत्येक टीला दोन आकडे असतात. कोर्स रेटिंग म्हणजे शून्य हँडिकॅपवाल्याला तिथून किती फटके लागावेत तो आकडा. स्लोप म्हणजे साधारण खेळाडूला तो कोर्स त्या मानाने किती जड जातो ते. स्लोप ५५ ते १५५ मध्ये असतो, प्रमाण ११३. इंडेक्स (तुमचा हँडिकॅपचा आकडा) गुणिले स्लोप भागिले ११३, अधिक (रेटिंग वजा पार), एवढा हिशेब.

समजा पांढऱ्याचं रेटिंग ७०.२, स्लोप १२६, पार ७२ आणि तुमचा इंडेक्स १७.०. उत्तर येतं १७.१६, म्हणजे १७ फटक्यांची सूट. आता तुमचं मिश्रण पांढऱ्यापेक्षा एकूण २२० यार्ड आखूड भरलं. पुरुषांसाठी दर २२० यार्डांना रेटिंग १ ने बदलतं (बायकांसाठी १८० ला), म्हणजे ६९.२. बोगी रेटिंग (साधारण खेळाडूला तिथून लागावेत इतके फटके) दर १६० यार्डांना १ ने बदलतं, ते धरून स्लोप येतो १२४. नवं उत्तर १५.८५, म्हणजे १६. एक फटका कमी मिळणार, बस. त्यासाठी मैत्री तोडायची गरज नाही.

अधिकृत स्कोअर नोंदवायचा असेल तर मात्र हे गणित घरी करून भागणार नाही, तुमच्या क्लबच्या हँडिकॅप समितीला विचारा. पहिले नऊ एका रंगावरून आणि पुढचे नऊ दुसऱ्या रंगावरून खेळणं सगळ्यात सोपं. नऊ-नऊ होलची रेटिंग वेगळी उपलब्ध असतात, त्यांची बेरीज करायची आणि स्लोपची सरासरी काढायची.

टोपीवाला
गणिताच्या तासाला पळून जायचो, इथेही तेच गाठ पडलं.

लीड्सकर
इंग्लंडात ह्या हौसेला मर्यादा आहेत. इथे बऱ्याच क्लबांत पांढऱ्या टी फक्त स्पर्धेच्या. पाहुणा असाल तर पिवळ्या, आणि पांढऱ्यावर पाऊल ठेवलंत तर कुणीतरी म्हातारा सदस्य खिडकीतून बघत असतोच. तेव्हा मिसळायचं म्हटलं तर पिवळा आणि लाल एवढंच हातात. तरी आम्ही हिवाळ्यात करतो. जमीन ओली, चेंडू घरंगळत नाही, संध्याकाळी चारला अंधार. लांब होल लालवरून, आखूड पिवळ्यावरून, आणि स्टेबलफोर्डचे गुण (एकूण फटके न मोजता दर होलला गुण). गुणांत मोजलं की 'मागच्या शनिवारचे ९१' हा बाबांचा प्रश्नही बराचसा मिटतो.

@दशांश, (रेटिंग वजा पार) हा भाग आमच्याकडे एप्रिल २०२४ मध्ये आला. त्याआधी इथलं सूत्र वेगळं होतं, म्हणून जुनी कार्डं बघून गोंधळू नये.

एक सावधगिरीची सूचना. हे सगळं मित्रामित्रांत. स्पर्धेत चुकीच्या मार्करमधून मारलंत तर स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या खेळात) दोन फटक्यांचा दंड, आणि बरोबर टीवर जाऊन पुन्हा मारायचं. पुढचा होल सुरू करण्याआधी दुरुस्ती केली नाहीत तर बाद. मॅच प्लेमध्ये (एकेक होल जिंकायच्या सामन्यात) दंड नाही, पण समोरचा तो फटका रद्द करायला लावू शकतो. अर्थात तो फटका चांगला बसला असेल तरच लावेल.

निवृत्त_फौजी
तुमचा सगळा वाद वाचून हसू आलं. आम्ही हे सक्तीने केलं आहे.

छावण्यांमध्ये बरेच कोर्स नऊ होलचे. अठरा खेळायचे तर तेच नऊ दोनदा. म्हणून दुसऱ्या फेरीला टी वेगळी, कार्डावरही आकडा वेगळा. तिसरा होल बाराव्याच्या रूपात परत भेटायचा. पहिल्यांदा १४५ यार्ड, समोर मोकळं. दुसऱ्यांदा १९०, आणि टी बाजूला सरकलेली असल्यामुळे नाला आडवा. ग्रीन तीच, पण एका फेरीत ८ आयर्न आणि दुसरीत लाकडी क्लब. नवीन पोस्टिंगवर आलेल्या माणसाला दोन महिने कळायचंच नाही की आपण एकाच ग्रीनवर दोनदा येतो आहोत.

ग्रीन म्हणतो खरं, पण एका कोरड्या ठिकाणी ग्रीनऐवजी 'ब्राउन' होत्या. तेल घातलेली रेती. पुट करायच्या आधी कॅडी लाकडी ओढणं फिरवून वाट सपाट करून द्यायचा. तिथला एक म्हातारा कॅडी नव्या अधिकाऱ्याचा पहिला स्विंग बघायचा आणि काही न बोलता पिशवी पुढच्या टीवर नेऊन ठेवायचा. मार्कर कुठेही असोत, पिशवी जिथे ती तुमची टी. कर्नलसाहेबांचीसुद्धा त्याच्यापुढे चालली नाही.

मृण्मयी_एनजे
फौजीकाका, त्या कॅडीला इकडे पाठवा. नॉर्थ कॅरोलिनात लाँगलीफ नावाच्या कोर्सवर त्याचंच काम खांबांकडून करून घेतात. टीना रंगांऐवजी १ ते ७ आकडे आहेत, आणि सराव मैदानावर तशाच आकड्यांचे खांब. तुमचा ड्रायव्ह ज्या खांबापर्यंत जातो तो आकडा तुमचा. वय नाही, बाई-पुरुष नाही. लाज वाटायला रंगच उरत नाही.

पाणी_आणि_माती
इतकं वाचलं. मराठवाड्यात टँकर चालू असताना गवताला पाणी घालणाऱ्या खेळातल्या मार्करच्या रंगांवर एवढी चर्चा! चालू द्या.

हिरवळ_समिती
प्रश्न रास्त आहे, टाळत नाही. प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावर चालणारे कोर्स आहेत, पण सगळे नाहीत, आणि जे नाहीत त्यांना जाब विचारला पाहिजे. ह्या धाग्यापुरतं एवढंच म्हणेन की नवीन आव्हान हवं म्हणून मागे आणखी शंभर यार्ड जमीन घेऊन टी बांधायच्या, ती कापायची, भिजवायची, त्यापेक्षा आहेत त्याच टी उलटसुलट वापरणं बरं.

पाणी_आणि_माती
एवढं पटलं. बाकीचं वेगळ्या धाग्यावर बोलू.

डेन्व्हरची_हवा
कोलोरॅडोत बॅलीनील नावाचा खाजगी क्लब आहे, टॉम डोक यांनी आखलेला, होलिओक गावाजवळ वाळूच्या टेकड्यांत. तिथे मार्करच नाहीत! मागचा होल जिंकणारा ठरवतो की पुढचा होल कुठून सुरू करायचा. सपाट जागा दिसली की तीच टी. जिंकणाऱ्याने कितीही मागे नेलं तरी समोरच्याला मुकाट मारावं लागतं.

आम्ही साध्या सार्वजनिक कोर्सवर हेच उलटं करतो, हरणारा टी निवडतो. पैजेत रंगत टिकते. जो मागे पडलाय तो आपल्या सोयीची टी घेतो आणि सामना सतराव्यापर्यंत जिवंत राहतो. फक्त पहिल्या टीवरच एक गोष्ट ठरवा : मागच्या टीवर चालत जाऊन परत यायला वेळ लागतो. मागे दुसरा फोरसम (चौघांचा कंपू) ताटकळत असेल तर मागे जायचं नाही.

सिएटलचा_पाऊस
हरणाऱ्याने निवडायचं हे भारी आहे. पण सगळे सारखे पुढेच नाही का येणार?

हिरवळ_समिती
नाही येणार, आणि इथेच बाबांच्या २२० च्या बंकरचं उत्तर आहे.

समजा तुम्ही पांढऱ्यावरून २१५ मारता. डावा बंकर २२० वर, तो तुमच्या वाट्याचा. त्याच होलला २६० वर उजवीकडे दुसरा बंकर आहे, तो तुम्ही आजवर फक्त चालताना पाहिलाय. आता ४० यार्ड पुढच्या सोनेरीवर या. पहिला बंकर मागे पडला हे खरं, पण तुमचा चेंडू आता त्या दुसऱ्या बंकराशी पोचतो, आणि फेअरवे (टी आणि ग्रीनमधला कापलेला पट्टा) बहुतेक वेळा तिथेच आवळलेला असतो. होल वळणाचा असेल तर आणखी मजा. मागून मारलेला चेंडू नेमका कोपऱ्यावर थांबतो, पुढून मारलेला सरळ जाऊन पलीकडच्या झाडांत. पुढची टी घेऊन ड्रायव्हर काढणारा मार खातो, ५ वुड काढणारा सुखात राहतो. पुढे आलं की होल सोपाच होतो असं नाही, वेगळा होतो.

उलट लहान पार ४ मागे नेऊन बघा. २८० यार्डांचा होल पांढऱ्यावरून सगळ्यांना ड्रायव्हर आणि अर्धा वेज असा येतो. अर्धा वेज हा हौशी माणसाचा सगळ्यात वाईट फटका. निळ्यावरून तोच ३१० झाला की पूर्ण वेज मिळतो, आणि पुष्कळांना तो मागून जास्त सोपा जातो.

म्हणून माझा नेम असा. लांब पार ४ पुढे आणायचे, आखूड पार ४ मागे न्यायचे, चार पार ३ चार वेगळ्या क्लबांचे करायचे, आणि एक तरी पार ५ असा ठेवायचा की दोन फटक्यांत ग्रीनचा मोह व्हावा. पाणी ओलांडायचं असेल तिथे आधी जाऊन उभं राहून बघायचं. पुढच्या टीवरून कधीकधी पाणी लागतच नाही, मग होलातला दमच जातो. असा होल मागूनच खेळावा.

बंकरबाबा
दुसऱ्या बंकरचा मुद्दा मान्य. अर्धा.

उरलेला अर्धा असा की हे सगळं करायला तुमच्यासारखा कोर्स ओळखणारा माणूस कंपूत लागतो. नाहीतर लोक ज्याला जिथे सोपं वाटेल तिथून मारतील आणि त्याला विविधता म्हणतील. आणि पांढऱ्यावरून ८० च्या आत येणं हे माझं एक स्वप्न आहे. ते मिश्रणावरून पूर्ण झालं तर मला झोप लागणार नाही.

टोपीवाला
बाबा, पांढऱ्यावरून पूर्ण झालं तरी लागणार नाही. त्या रात्री सोसायटीत सगळ्यांना उठवून सांगाल.

सिएटलचा_पाऊस
अपडेट. शनिवारी खेळलो. हिरवळ_समिती यांच्या नेमावरून शुक्रवारी रात्री कार्ड बनवलं, एकूण ६१९० यार्ड. चौथा आणि अकरावा सोनेरीवरून, नववा आणि चौदावा निळ्यावरून, पार ३ चे अंतर १२०, १४०, १६५ आणि १९५. बाकी पांढऱ्यावरून. निवडायचा हक्क हरणाऱ्याला फक्त शेवटच्या चार होलना दिला.

चौथ्यावर सगळ्यांनी सवयीने ड्रायव्हर काढला आणि दोघे थेट ओढ्यात. मागून तो ओढा कुणाच्या हिशेबातच नव्हता. अकराव्यावर शहाणे होऊन सगळ्यांनी हायब्रिड मारला आणि दुसरा फटका ८ आयर्नचा आला. त्या होलला ८ आयर्न मी आजवर पिशवीतून काढलेला नव्हता. १९५ च्या पार ३ वर एकही जण ग्रीनवर पोचला नाही, पण चर्चा सगळ्यात जास्त तिथेच झाली. लाजाळू मित्राने सोळाव्याला हरणारा म्हणून स्वतःहून लाल टी निवडली, पार ५, दोन फटक्यांत ग्रीनवर, आणि घरी जाईपर्यंत तेच ऐकवत होता. तेलुगू मित्राचं मत : निळ्यावरचा चौदावा होल बेकायदा ठरवावा.

'स्कोअरला अर्थ नाही' म्हणणाऱ्याला अजून पटलेलं नाही. @दशांश, पांढऱ्याचं रेटिंग-स्लोप योगायोगाने तुमच्या उदाहरणातलंच आहे, ७०.२ आणि १२६. त्याचा इंडेक्स १७.०. त्याला किती फटके मिळायला हवे होते?

दशांश
६३०० वजा ६१९०, म्हणजे ११० यार्ड आखूड. रेटिंग ०.५ ने कमी, ६९.७. स्लोप १२५. १७ गुणिले १२५ भागिले ११३ म्हणजे १८.८१, त्यातून २.३ गेले, १६.५१. पूर्णांक केला की १७.

पांढऱ्यावरूनही १७च मिळाले असते. त्याला सांगा, पट्टी होती तीच आहे.

सिएटलचा_पाऊस
सांगितलं. म्हणाला, मग ९६ कसे झाले?

बंकरबाबा
हा प्रश्न त्याने ओढ्याला विचारावा. बाकी डिसेंबरात पुण्यात येत असाल तर कळवा. नऊ होल तुमच्या पद्धतीने, नऊ माझ्या.